भिंतीत एकाचीच जागा

२ जुलै २००६, रविवार

पोचले एकदाची. आमच्या सामोकोवहून ट्रकने चार तास, त्यातले शेवटचे दोन घाटाचे. मांडीवर मिरच्यांच्या लोणच्याची बरणी, पायाशी थाप्या आणि गिलावा घोटायच्या गुरमाळ्यांची पिशवी. ट्रक मुकादम ब्लागोयच चालवत होता. म्हणाला, मावशी, बरणी जपा, माणूस पडला तर दुसरा मिळेल, असलं लोणचं मिळायचं नाही. मी म्हटलं, मुकादमाचंही तसंच, पडला तर कोणाला कळणारसुद्धा नाही. तो इतका हसला की चाक कड्याच्या काठाला गेलं.

धरण दोन हजार मीटरवर आहे. झाडं खालीच थांबली. वर गवत, दगड आणि काळंभोर पाणी. जुलै लागला तरी कपारींत बर्फ शिल्लक आहे. दोन घमेली उचलली की छाती भात्यासारखी हलते. पण हवेला धुतलेल्या चादरीचा वास आहे आणि मला झोपायला खिडकीजवळची खाट मिळाली आहे. मी खूश आहे. सत्तावन्नाव्या वर्षी कोणी आपल्याला कामाला बोलावतं, ही काही लहान गोष्ट नाही.

काम धरणाच्या माथ्यावरचं. वरचा रस्ता आणि त्याच्या कडेची छातीइतकी उंच भिंत. बत्तीस हिवाळ्यांनी त्यांची वरची कातडी खाल्ली आहे. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि पापुद्रा उडवतं. जागोजागी खडी दात विचकून उभी आहे, सळया गंजून भिंत लाल रडली आहे. ते सगळं काढून नवा थर द्यायचा. तीस वर्षं मी हेच करत आले.

लेकीला, इस्क्राला, फोनवर सांगितलं, हे शेवटचं काम. मग स्पेनला तुझ्याकडे, वालेन्सियाला येते. तिला नोव्हेंबरात बाळ व्हायचं आहे. तिने वीस ऑक्टोबरचं तिकीट काढून ठेवलं आहे.

हेच काम का घेतलं, ते तिला सांगितलं नाही. ब्लागोयलाही नाही. तिचे वडील शेवटचं काम इथेच करून घरी आले होते.

५ जुलै

सकाळी भिंत ठोकत गेले. हातोडीने हळू ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं भोपळ्यासारखं बोलतं. जिथे पोकळ, तिथे खडूने रेघ. मागून कामावरचे दोघे भाऊ यंत्राने फोडत येतात. ते दिवसभर एकमेकांशी भांडतात आणि ताटाला ताट लावून जेवतात.

पुस्तकात वाचलं आहे, ते इथे डोळ्यांनी दिसतं. थंड प्रदेशातल्या मालात हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवावे लागतात. पाणी गोठून फुगलं की त्याला सरकायला जागा हवी. जागा नसली तर ते भिंत फोडून जागा करून घेतं. माझी शाळा सातवीत सुटली, पण हे वाक्य मला शिकलेल्या माणसांपेक्षा लवकर कळलं.

संध्याकाळी खोलीच्या दारावर नवऱ्याची, स्तामेनची, मृत्युसूचना चिकटवली. आमच्याकडे गेलेल्यांची दारावर लावतात तशी, दरवर्षी छापते. मध्ये फोटो, खाली नाव आणि 'बत्तीस वर्षं तुझ्याविना'. जिथे राहीन तिथल्या दाराला लावते. त्याला पत्ता कळायला हवा.

इथला रखवालदार ग्रोझदान पाण्याची बादली घेऊन आला होता. अठ्ठ्याहत्तरचा असेल, अंगाने काटकुळा. त्याने सूचनेकडे पाहिलं आणि बादली हातातून सुटली. म्हणाला, चष्मा नाही, काही वाचता येत नाही. मी म्हटलं, दादा, वाचता येत नाही तर बादली कशाला टाकलीत?

९ जुलै, रविवार

सुट्टी. ग्रोझदानदादाने सगळ्यांना जेवायला बोलावलं. घेवड्याचं सूप, बटाट्याची जाड भाकरी, मनुकांची दारू. पहिला घोट जमिनीवर, गेलेल्यांसाठी. त्याने दोनदा ओतला.

बोलता बोलता कळलं की धरण बांधताना तो आणि स्तामेन एका खोलीत होते. धरण झालं, सगळे गेले, हा राखणीला राहिला. बत्तीस वर्षांत खाली फारसा उतरला नाही. ब्लागोय म्हणाला, खाली एखादी सावकाराची बायको वाट बघत असेल म्हणून घाबरतो म्हातारा. सगळे हसले. दादा हसला नाही.

मी स्तामेनचं सांगितलं. एकोणतिसाव्या वर्षी गेला. ऑक्टोबरात इथून धडधाकट घरी आला आणि तेरा नोव्हेंबरला गेला. आजार नाही, ताप नाही. रोज थोडा थोडा जड होत गेला. डॉक्टरने हृदय लिहिलं. इस्क्रा दीड वर्षाची होती. आणि सांगायला नको ते सांगून गेले. घरी आला तेव्हा त्याच्या स्वेटरचा काठ उसवलेला होता. अक्रोडाच्या सालीत रंगवलेली लोकर, सगळा हिवाळा खपून विणलेला. घरी येऊन बूट काढायच्या आत मी त्याला त्यावरून बोलले. तुला वस्तूची किंमत नाही, म्हटलं. मग त्याच रंगाची लोकर नव्हती म्हणून काळ्या लोकरीने काठ पुरा केला. तो स्वेटर अजून माझ्या अंगात असतो. आत्ताही आहे.

शेवटी म्हटलं, कोणी मला विचारलं असतं, तर त्याच्या जागी मी गेले असते. बायका म्हणतात तसंच म्हटलं. ग्रोझदानदादाने हातातला पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला.

२० जुलै

काम छान चाललं आहे. फोडायचं, कडा चौकोनी कापायच्या, पाण्याच्या फवाऱ्याने धूळ काढायची, सळई घासायची. मग जुनं काँक्रीट पाणी पिऊन तृप्त हवं, पण वर थेंब उभा नको. त्यावर सिमेंटची खीर ब्रशने चोळायची आणि ती ओली असतानाच माल दाबायचा. जुन्याने नव्याला धरायला हवं. वरून गोणपाट, सात दिवस पाणी मारायचं, रात्री जाड कांबळी. पाच अंशांच्या खाली पारा गेला की काम बंद.

सोळा चौरस मीटर झालं. ठोकलं की देवळाच्या घंटेसारखं वाजतं.

१४ ऑगस्ट

आज नवव्या सांध्यापाशी, दोन तुकड्यांच्या जोडावर, भिंत फोडली. आत वीतभर पोकळी निघाली. त्यात बोरूची कांडी, कांडीवर लोकर गुंडाळलेली. भावांपैकी धाकटा म्हणाला, उंदराचं घर. उंदीर गाठ मारतो का, मी म्हटलं.

तपकिरी लोकर. अक्रोडाच्या सालीचा रंग. पिळात एक जाड, एक बारीक असा धागा, कारण त्या वर्षी माझं चातीवरचं सूत एकसारखं येत नव्हतं.

मी ती खिशात घातली. जेवायला गेले नाही. स्वेटरच्या आतल्या शिवणीशी धागा लावून पाहिला. माझाच आहे.

१६ ऑगस्ट

धागा मोजला. स्तामेनच्या उंचीपेक्षा वीतभर लांब. दोन्ही टोकांना गाठ.

माझी आजी गवंड्यांच्या घरातली. ती सांगायची की जुने कारागीर पूल किंवा भिंत टिकत नसली की कोणाची तरी सावली दोऱ्याने मोजत, त्या माणसाला न कळू देता, आणि दोरा पायाभरणीत पुरत. माणूस चाळीस दिवसांत जायचा आणि भिंत उभी राहायची. म्हणून लहानपणी आम्ही बांधकामाजवळून पळत जायचो.

ग्रोझदानदादाला विचारलं. तो बूट शिवत होता. मान वर न करता म्हणाला, सिमेंटच्या काळात कोण असलं करतं? लोकर आहे, पडली असेल. मग म्हणाला, होती तिथे ठेव, वेलिचका. मी सांगितलं, ठेवणार नाही. सामोकोवला नेऊन त्याच्या कबरीत पुरणार. त्याच्या हातातली सुई थांबली होती.

१९ ऑगस्ट

नवव्या सांध्याचा माल धरला नाही. सकाळी कांबळं काढलं तर थर भाजलेल्या पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला होता. पारा आठवर होता. ब्लागोयने माल बनवणाऱ्या भावाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग मला म्हणाला, मावशी, तुम्ही स्वतः करा.

२५ ऑगस्ट

मी स्वतः केलं. तीनदा. शेजारचा आठवा सांधा धरतो, दहावा धरतो, नववा नाही. तोच माल, तेच पाणी, तोच हात. आता आतलं जुनं काँक्रीटही वाळूसारखं झडायला लागलं आहे. पोकळी दोन मीटरपर्यंत गेली. ब्लागोय म्हणतो, असंच राहिलं तर बर्फ पडल्यावर माथा फुटेल.

दुपारी एकटीच ठोकत होते. पोकळ, पोकळ, पोकळ. मी थांबले. आतून तीनदा ठोकलं गेलं. हातोडीने नव्हे. बोटाच्या सांध्याने, दार वाजवतात तसं.

स्तामेन दार तीनदाच वाजवायचा.

१ सप्टेंबर

रस्त्यावर पावलं आहेत. भर दुपारी, कोरड्या काँक्रीटवर ओली, राखाडी. बूट त्रेचाळीस नंबरचे, स्तामेनचा नंबर. नवव्या सांध्यापासून निघतात, ग्रोझदानदादाच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. ब्लागोय समजतो, सिमेंटचे बूट घालून कोणी हुंदडलं. इथे त्रेचाळीस कोणाचाच नाही. दादाचा कुत्रा माथ्यावर यायला तयार नाही.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती निराळीच. तो रस्त्यावर येतो, फिरतो, माझ्या दाराकडे येत नाही. सूचना लावली आहे, तरी नाही.

६ सप्टेंबर

आज एक गोष्ट केली. लिहिताना बालिश वाटते.

लग्न झालं त्या वर्षी शेतावरून येताना आम्ही सावल्या मोजायचो. त्याची माझ्यापेक्षा वीतभर पुढे. मी धावून पुढे गेले की तो ओरडायचा, बाई, सावली चोरू नको. ते एकदा पुन्हा बघावंसं वाटलं. त्याचं माप माझ्या खिशात होतं.

जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर धागा ताणला, टोकावर दगड ठेवला, शेजारी उभी राहिले. माझी सावली फारच आखूड पडली. ग्रोझदानदादा बाजूला उभा होता. म्हणाला, पावणेचारपर्यंत थांब, मग बरोबर येईल. थांबले. पावणेचारला उन्हाचा कल हवा तसा झाला. धाग्याशेजारी माझी सावली, वीतभर मागे. अगदी तेव्हासारखी. मी रडले नाही.

कुठवर येते ते जपून ठेवावंसं वाटलं. स्वतःची सावली स्वतः मोजता येत नाही, वाकलं की ती हलते. म्हणून दादाला म्हटलं, तिथे एक गाठ मार. त्याने गुडघे टेकून गाठ मारली. दोनदा ओढून पक्की केली. कारागिराची सवय, मला वाटलं.

७ सप्टेंबर

धागा सापडत नाही. उशीखाली ठेवला होता. खाट उलटी केली, बरणीसुद्धा रिकामी करून पाहिली.

नववा सांधा आज पुन्हा भरला. मी तिथे पोचायच्या आतच दादाने आतल्या बाजूला मालाचा पहिला हात देऊन ठेवला होता. म्हणाला, मलाही अजून जमतं गं.

८ सप्टेंबर

धरला. कांबळं काढलं, ठोकलं, खणखणला. ब्लागोयने मला उचलून गोल फिरवलं, म्हणाला, मावशी, मी तुमच्याशी लग्न करतो. थोरला भाऊ म्हणाला, आधी लोणच्याला विचार.

मी हसले. पण हाताला थापी फार गार लागत होती आणि गार लागणं थांबतच नव्हतं.

१७ सप्टेंबर, रविवार

इस्क्राचा फोन. म्हणाली, आई, तुझा आवाज लांबून येतो, विहिरीतून आल्यासारखा. मी म्हटलं, डोंगर आहे. तिने बाळाचं नाव सांगितलं. मुलगा झाला तर स्तामेन.

नखं राखाडी झाली आहेत. घासून जात नाहीत. हाताच्या मागच्या बाजूला बारीक भेगा, जुन्या भिंतीवर नकाशासारख्या पडतात तशा. दुखत नाहीत. दिवसभर तहान लागते. पाणी पिते, ते कुठे जातं कळत नाही.

२३ सप्टेंबर

भर उन्हात पाहिलं. माझी सावली माझ्या पायापासून सुटली आहे. चार बोटं. मध्ये नुसतं ऊन.

ब्लागोयची त्याच्या टाचेला चिकटून होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

२४ सप्टेंबर

ग्रोझदानदादाकडे गेले. तो म्हणेना बस, मी म्हणेना बसते. मग त्यानेच सांगायला सुरुवात केली, जमिनीकडे बघून.

चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. नववा सांधा रोज रात्री थंडीत फुटायचा. बर्फाच्या आधी पुरं करायचं होतं. त्याच्या आजोबांनी असेच पूल उभे केले होते. वाटसरूची सावली घ्यायची असा नेम, पण इथे वाटसरू कुठला येणार? पाच तारखेला दुपारी सगळे जेवायला गेले. स्तामेन मागे राहिला, भिंतीची कड अर्धी सोडवेना म्हणून. उन्हात एकटाच उभा राहून गुरमाळा फिरवत होता. दादाकडे दोरा नव्हता. त्याने मागून जाऊन स्वेटरच्या काठाचा धागा ओढला आणि त्यानेच सावली मोजली. स्तामेनला कळलं नाही.

मला वाटायचं, काठ कुठे खिळ्याला अडकून उसवला.

मग आताचं. धागा निघाल्यापासून स्तामेन रोज दुपारी त्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा. विचारायचा, कुठे जाऊ? थडग्यात जागा नाही, भिंतीत राहवत नाही. दादाने पूर्वी स्वतःची सावली मोजून पाहिली होती, बरेचदा. आपली आपण मोजलेली भिंत घेत नाही. दुसऱ्याने मोजावी लागते. भिंतीत जागा एकाचीच. एक आत गेला तर दुसरा सुटतो. तुझ्या गाठीपासून पुढचा तुकडा मी चुलीत टाकला, म्हणाला, तुझ्या मापाचा तेवढा आत ठेवला. तूच बोलली होतीस ना, त्याच्या जागी मी गेले असते म्हणून?

मी त्याच्या तोंडात मारली. त्याने दुसरा गाल पुढे केला. ते बघून मी बाहेर आले.

२५ सप्टेंबर

आज त्याने एवढंच सांगितलं. चाळिसाव्या दिवसाच्या मध्यान्हीच्या आत केव्हाही फोडलं तर मी वाचेन. नंतर नाही. सोळा ऑक्टोबर. फोडलं तर स्तामेन पुन्हा वाऱ्यावर. त्याने छिन्नी आणि हातोडा माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, मी या भिंतीला तिसऱ्यांदा हात लावणार नाही. तू ठरव.

मनाला विचारलं, आजच का फोडत नाही? म्हटलं, उद्या.

३० सप्टेंबर

माणसं खाली गेली. शेवटच्या सांध्यांना पाणी मारायला आणि सतरा तारखेच्या तपासणीपर्यंत थांबायला मी राहिले. मीच मागून घेतलं. ब्लागोय जाताना म्हणाला, मावशी, स्पेनला जाऊन उन्हात पडा, तुमचा रंगच गेला. त्याने मिठी मारली आणि चटकन सोडली. अंग गार लागलं असणार.

४ ऑक्टोबर

फोडायला गेले होते. छिन्नी लावली. आतून ठोकलं गेलं नाही. कान लावला तर आत कोणी तरी श्वास आवरून वाट बघत होतं, दार उघडायच्या आधी बघतात तशी.

हातोडा नाही मारला.

८ ऑक्टोबर, रविवार

इस्क्राला सांगितलं, येते. खरंच येणार आहे. तिने मला लहानपणापासून रडताना पाहिलं, आता तिच्या बाळाला तरी मी हसताना दिसू दे. बारा दिवसांनी मी वालेन्सियात असेन. तिथे संत्री झाडावर असतात.

फोन ठेवल्यावर पोटरीवर बोटाने टकटक केलं. भरीव. दगडासारखं वाजलं.

११ ऑक्टोबर

गुडघे वाकत नाहीत. खाटेवरून उठायला तास.

सावली हातभर लांब गेली आहे. माझ्यापुढे चालते, धरणाच्या माथ्याकडे. मी थांबले तरी ती थोडी पुढे जाऊन मग थांबते.

१३ ऑक्टोबर

पहिला बर्फ. सगळीकडे पडला. नवव्या सांध्यावर नाही. ती जागा उबदार आहे. गाल लावून बसले. बत्तीस वर्षांत प्रथमच त्याच्याजवळ

ग्रोझदानदादाने ओढून आत आणलं.

१५ ऑक्टोबर

उद्या फोडणार. ठरलं. स्तामेनला मी सांगेन समजावून. तो ऐकायचा माझं. म्हणेन, इस्क्राला बाळ होणार आहे, मला जायला हवं. तू तिला दीड वर्षाची पाहिलीस, पुढची सगळी मी पाहिली, शेवटपर्यंत बघू दे. तुझ्यासाठी दुसरी वाट काढू. पाद्रीबाबांना आणू. काही तरी. तो ऐकेल.

बोलायला जीभ वळत नाही. लिहिता येतं.

१६ ऑक्टोबर

सकाळी दहा. भिंतीशी बसले आहे. वही मांडीवर, छिन्नी, हातोडा. ऊन छान. बर्फ वितळतो आहे. दादाने घड्याळ दिलं आणि निघून गेला. इथे उन्हाळी घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून सव्वाला मध्यान्ह. एक वाजता मारायचं. आधी त्याच्याशी बोलायचं.

अकरा. बोलले. मनातच.

पावणेबारा. भिंत ओली झाली आहे. घाम फुटावा तशी.

बारा पाच. तो बाहेर आला.

भिंत फुटली नाही. दारातून येतो तसा आला. एकोणतीस वर्षांचा. केसांत सिमेंट. हातात गुरमाळा, तो त्याने भिंतीवर नीट पुसून ठेवला. हात झटकले. अगदी तसेच, दोनदा. स्वेटर अक्रोडी. काठ उसवलेला, धागा लोंबतो आहे.

माझ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला, चेहरा हलला नाही.

म्हणाला, नमस्कार, मावशी. ऊन घेताय?

मावशी —

मला ओळखलं नाही. कसं ओळखेल. त्याची बायको पंचवीसची आहे, घरी आहे, चुलीवर काही तरी ठेवलं असेल. तिला बघायला निघाला आहे. म्हणाला, सामोकोवला जातोय, पोरगी लहान आहे. मग शीळ घालत रस्त्याने चालू लागला. सावली पायाला चिकटून. नीट, काळी, लांब.

साडेबारा. सरळ रस्ता आहे. वळण लांब आहे. फोडलं तर तो तिथूनच मागे ओढला जाईल, चालता चालता. शीळ थांबेल. एवढ्यात नको. वळणापर्यंत जाऊ दे. वळणापलीकडे धरण दिसत नाही. मग मारीन.

छिन्नी हातात आहे. बोटं मिटली आहेत तिच्यावर. उघडत नाहीत, चालेल, मारायलाच हवी आहेत

पाऊण. अर्ध्यात पोचला. थांबला. बुटाची नाडी बांधतो आहे. चल ना रे

इस्क्रा, मी येते. हा वळला की

एक वाजला. अजून दिसतो. हळू चालतो, नेहमीसारखा. पाय कंबरेपर्यंत कळत नाहीत. पाठ भिंतीला चिकटली आहे, ऊब येते

एक दहा. वळणावर. मागे बघितलं. हात केला. मला नाही, धरणाला. काम पुरं झालं म्हणून

वारा सुटला आहे. काठ उसवलेला, थंडी वाजेल त्याला खाली. घरी पोचल्यावर ती बोलेल. बोलू नको गं. आधी आत घे, आणि तो काठ